वाचकांचे प्रश्न : पारावरची शपथ आणि गल्लीच्या तोंडचे दुकान

प्रश्न : मी जालना जिल्ह्यातील एका गावात राहणारा निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. मराठा आरक्षणाच्या मागणीला माझा मनापासून पाठिंबा आहे. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीला उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला, त्यानंतर निघालेल्या मोर्चांत मी दोन्ही मुलांना घेऊन चाललो. पुढे आमच्या गावात मारुतीच्या पारावर मंडळी जमली आणि ओबीसींच्या दुकानांतून माल घ्यायचा नाही, अशी शपथ घेतली गेली. त्या वेळी वर गेलेल्या हातांत माझाही हात होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्याचे किराणा दुकान आहे, तो माळी समाजाचा मुलगा चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होता. २०१५-१६ च्या दुष्काळात त्याच्या वडिलांनी आमच्या घरी आठ महिने उधारीवर धान्य दिले होते. दुसऱ्या बाजूनेही 'मराठ्यांच्या शेतात खुरपायला जायचे नाही' असा निरोप फिरला आणि ऐन पावसाळ्यात माझे सोयाबीन तणात गेले, याचा मला फार राग आला. तेव्हापासून मी महिन्याचा किराणा तालुक्याच्या गावाहून आणतो, म्हणजे कोणाच्या डोळ्यांवर यायला नको. मागणी न्याय्य मानणाऱ्याने गावाच्या शपथेबाहेर जावे का? देवाच्या पारावर घेतलेली शपथ मोडणे हे पाप नाही का?

उत्तर : गुरुजी, तुम्ही उद्या सकाळी, सगळे पाहत असताना, पिशवी घेऊन त्या दुकानात जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे सांगण्यापूर्वी मागणीविषयी थोडे लिहिते, कारण मागणी आणि बहिष्कार यांची गाठ तुमच्या मनात पक्की बसली आहे आणि ती आधी सुटली पाहिजे.

मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातील नोंदींत ज्यांच्या पूर्वजांची जात ओबीसींत मोडणारी कुणबी अशी लागली आहे त्यांना तसे प्रमाणपत्र मिळावे, विदर्भातील कुणब्यांना जे मिळाले ते आपल्याला केवळ संस्थान वेगळे होते म्हणून नाकारले जाऊ नये, हा या मागणीचा गाभा आहे. २०१८ च्या कायद्याने दिलेले आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केले, तेव्हा ज्या घरांत मुलगा भरतीची तयारी करीत होता त्या घरांवर काय गुदरले, हे मी नात्यागोत्यात पाहिले आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच सरळ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या मंडल निकालाने आरक्षणाला पन्नास टक्क्यांची मर्यादा घातली. ओबीसींच्या वाट्याला राज्यात एकोणीस टक्के आले. त्या ताटात संख्येने आणि जमिनीने मोठा असलेला समाज बसला तर कुंभाराच्या, न्हाव्याच्या, परटाच्या मुलाच्या हाताला काय लागणार, ही त्यांची भीती आहे. मला विचाराल तर कोरडवाहू तीन एकरांवर जगणाऱ्या मराठा कुटुंबाची दैना मला पूर्णपणे खरी वाटते आणि त्या दैनेवर आरक्षण हा पुरेसा उपाय आहे याची मला खात्री वाटत नाही. माझ्या भावांना हे मत पटत नाही, तरी दिवाळीला आम्ही एका पंगतीला बसतो. या प्रश्नावर प्रामाणिक माणसे दोन्ही बाजूंना आहेत आणि तुम्ही तुमची बाजू सोडावी असे मी एका शब्दानेही सुचवीत नाही.

परंतु किराणा दुकानदाराने काय करायचे होते? त्याने ना न्यायालयात याचिका केली, ना टक्केवारी ठरवली. शासनाने २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरचा, म्हणजे त्या निजामकालीन नोंदींचा, आधार घेऊन निर्णय काढला, तोही त्याला विचारून काढला नाही. त्याच्या दुकानातली साखर घेतली नाही म्हणून एकाही मराठा मुलाला प्रमाणपत्र मिळणार नाही. मिळते ते एवढेच, की चाळीस वर्षे ज्या घराने गावाची उधारी सांभाळली त्या घरात संध्याकाळी गल्ला उघडल्यावर काही निघत नाही. असे कृत्य मागणीचा भाग होऊच शकत नाही. मागणीचे नाव त्याला नंतर दिले जाते.

हे मी पुस्तकातून शिकून सांगत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा मी परभणी जिल्ह्यातील आमच्या गावी नववीत होते. आमचे घर मराठा शेतकऱ्याचे. माझे वडील हैदराबाद मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या शिबिरात राहिलेले, आणि 'मराठवाडा' हे नाव आम्ही रझाकारांच्या डोळ्यांसमोर उच्चारले आहे, ते विद्यापीठावरून पुसू देणार नाही, असे ते कळकळीने म्हणत. बाबासाहेबांविषयी त्यांनी कधी वावगा शब्द काढला नाही. त्यांचा विरोध प्रामाणिक होता, हे मी आजही म्हणते. ठरावानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातील गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचा ऑगस्टमध्ये खून झाला. त्याच महिन्यात एका रात्री आमच्या गावातली वस्ती पेटली. वडिलांनी दाराला आडणा लावला, आम्हा भावंडांना माजघरात बसवले, आणि आईने धाकट्याच्या तोंडावर हात धरला, कारण तो मोठ्याने रडत होता. सकाळी आमच्या शेतात वर्षानुवर्षे खुरपायला येणाऱ्या मावशी अंगणात आल्या. त्यांच्या हाताला आणि लुगड्याच्या काठाला काजळी होती. त्यांनी आगीविषयी काहीच सांगितले नाही. पाणी भरायला एक घागर द्या, एवढेच आईला म्हणाल्या. आईने घागर दिली. त्या निघून जाईपर्यंत वडील देवघरातून बाहेर आले नाहीत.

पुढे १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला, 'मराठवाडा' हा शब्दही नावात राहिला आणि वडिलांनी तो निर्णय मान्य केला. मात्र अखेरच्या आजारपणात ते मला पुन्हा पुन्हा सांगत, 'मी कोणाला हात लावला नाही'. ते खरेच होते. नामांतराला विरोध केल्याचे त्यांना कधी वाईट वाटले नाही, आणि वाटायचे कारणही नव्हते. त्यांना शेवटपर्यंत छळत होता तो दाराचा आडणा. मताचा हिशेब आणि कृतीचा हिशेब वेगळा असतो, हे मला त्या खाटेशेजारी बसून कळले, म्हणून तालुक्याहून आणलेल्या किराण्याचा उल्लेख तुमच्या पत्रात वाचताना मी थांबले. कोणाच्या डोळ्यांवर यायला नको म्हणून तुम्ही तिकडून माल आणता, असे लिहिले आहे. पण दुकानदाराच्या डोळ्यांवर ते आले आहे. त्याच्या दुकानावरून तुमची भरलेली पिशवी दर महिन्याला जाते आणि पिशवी धरणारे हात त्याला पाटीवर अक्षरे गिरवायला शिकवणारे आहेत. शपथ मोठ्याने घेणाऱ्यांपेक्षा तुमचे हे मुकाट्याने जाणे त्याला जास्त लागत असेल, असे मला वाटते.

न्याय तुम्ही स्वतःच करून ठेवला आहे, गुरुजी, तुमच्याच पत्रातून तो वाचून दाखवते. खुरपायला बाया आल्या नाहीत आणि सोयाबीन तणात गेले, तेव्हा तुम्हाला राग आला. मराठा नेत्यांच्या सभेतील भाषणाचा बदला माझ्या शेतावर का, असे तुम्हाला वाटले असणार. तुमचा तो राग योग्यच होता. दुकानदाराचा रागही अक्षरशः तोच आहे.

शपथेविषयी. आपल्याकडे पारावरचा शब्द मोडायला माणूस कचरतो आणि त्या कचरण्यात काही चांगलेही आहे, कारण गावाचे पाण्याचे, सप्ताहाचे, जत्रेचे व्यवहार अशा शब्दांवरच चालतात. मात्र ज्या शपथेचा भार ती घेणाऱ्यावर न पडता तिसऱ्याच माणसावर पडतो, तिला देवाचा आधार नसतो, असे मी मानते. मी गोड खाणार नाही, अनवाणी पंढरीला जाईन, ही शपथ माझी. तुझी चूल पेटू देणार नाही, ही शपथ माझी कशी होईल? ती मोडण्यात पाप नाही, ती घेण्यात चूक झाली. त्याच मारुतीच्या सप्ताहात त्या दुकानातून डाळ-गूळ कधी फुकट आला असेल, तर तेही आठवून पाहा.

कायद्याकडे मी मुद्दाम शेवटी वळते. राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्याचा मुख्य रोख जातपंचायतींनी आपल्याच समाजातील माणसांना वाळीत टाकण्यावर आहे, त्यामुळे एका समाजाने दुसऱ्यावर घातलेला बहिष्कार त्यात कितपत बसतो यावर वकील भांडू शकतील. अनुसूचित जाती-जमातींवरचा सामाजिक वा आर्थिक बहिष्कार अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली सरळ गुन्हा आहे. तुमच्या गावातला प्रकार कलमाच्या चौकटीत चपखल बसला नाही, तर तो योग्य ठरेल का? नाही ठरणार, आणि म्हणूनच निर्णय तुम्हाला एकट्याला घ्यायचा आहे.

याची किंमत पडेल, ती मी कमी करून सांगणार नाही. कोणी तुम्हाला फितूर म्हणेल, कदाचित तुमचाच मुलगा घरी वाद घालील. जो दुसऱ्याच्या शेतावर सालगडी आहे, ज्याची उद्याची भाकरी शपथ घालणाऱ्याच्या हातात आहे, त्याच्याकडून मी हीच अपेक्षा करणार नाही. तुम्हाला निवृत्तिवेतन आहे, स्वतःची जमीन आहे, गावात अर्ध्या माणसांना तुम्ही अक्षरओळख करून दिली आहे. दुकानात गेल्यावर भाषण करू नका, क्षमेचा मोठा प्रसंगही मांडू नका. यादी द्या, पैसे द्या, आणि जमले तर त्याच्या मुलांच्या अभ्यासाची चौकशी करा. कोणी हटकले तर 'आरक्षणाच्या मोर्चाला मी पुढेही येईन, आणि साखरही इथूनच घेईन' एवढे उत्तर पुरे. पुढच्या खुरपणीच्या आधी, निरोप धाडणाऱ्या बाजूच्या एखाद्या जाणत्या बाईशी बोलायला तुमच्या घरातील बायकांनी जावे. तिथली गाठ पुरुषांच्या बैठकीत सुटणार नाही.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगर येथे एका पतसंस्थेत नोकरी करतो. शहराचे नाव बदलले याचा मला आनंद आहे. आमचे एक मुस्लिम सहकारी बोलताना अजूनही 'औरंगाबाद' म्हणतात आणि इतर लोक त्यांना दर वेळी टोकतात. मीही टोकावे का, की गप्प बसणे हा माझा भित्रेपणा ठरेल?

उत्तर : तुम्ही टोकू नये. केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्यता दिल्यानंतर शहराच्या अधिकृत नावाविषयी संदिग्धता उरलेली नाही. पावतीवर, खात्यावर, पत्रव्यवहारात नवेच नाव आले पाहिजे, आणि तुमचे सहकारी तिथे ते लिहीत असतील तर त्यांचे कर्तव्य पूर्ण झाले. जिभेवरचे नाव ही वेगळी गोष्ट आहे. मलिक अंबरच्या खडकीपासून या गावाने नावे बदललेली पाहिली आहेत, आणि माझ्या पिढीतील कितीतरी हिंदू घरांतही बोलण्याच्या ओघात जुनेच नाव येते, त्यांना मात्र कोणी टोकत नाही. चूक एकच असताना हटकले एकालाच जात असेल, तर हटकणाऱ्याला नावाची काळजी नाही. तुमचा आनंद खरा आहे, तो जपा. इतरांनी टोकले की 'जाऊ द्या, काम करू या' असे मात्र ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणा, कारण तिथे गप्प बसलात तर तुम्हीही टोकणाऱ्यांतच मोजले जाल.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका तांड्यावर अंगणवाडी सेविका आहे. नववीतल्या एका मुलीचे लग्न तिचे आईवडील ऊसतोडीसाठी कारखान्याला जाण्यापूर्वी उरकणार आहेत. तिला नुकतेच पंधरावे लागले आहे. मी समजवायला गेले तेव्हा तिची आई म्हणाली, 'ताई, आम्ही सहा महिने फडात. वयात आलेली पोर इथे म्हातारीजवळ ठेवू, का तिकडे पालात उघड्यावर निजवू? तुम्ही सांभाळता का?' मला उत्तर देता आले नाही. मी कळवले तर ते कुटुंब मला वैरी समजेल, तांड्यावर काम करणे अवघड होईल, आणि गरिबाला पोलिसांच्या दारात उभे केल्याचे पाप लागेल असे वाटते. काय योग्य?

उत्तर : ताई, कळवणे योग्य आहे, आणि आईच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हे तितकेच तुमचे-आमचे काम आहे. यातले एकच केले तर अर्धेच होईल.

त्या आईविषयी आधी लिहिते, कारण शहरात बसून तिला निर्दय ठरवणारी पत्रेही माझ्याकडे येतात. तिची भीती काल्पनिक नाही. पालाला दार नसते, पहाटे तीनला उठून फडात जावे लागते, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत माघारी येता येत नाही. याच जिल्ह्यात २०१९ मध्ये शासनाच्या समितीने ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ महिलांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पोरीला त्या जगात एकटी न्यायची नाही, असे जिला वाटते ती आई चुकीचे काय पाहते आहे? ती चुकते पुढच्या पायरीवर. लग्न झाले की मुलगी सुरक्षित होत नाही. नवराबायको मिळून एक कोयता होतो, त्या जोडीच्या नावाने नवी उचल मिळते, आणि जिला पालापासून वाचवायचे होते तीच पुढच्या हंगामात दुसऱ्याच्या पालात, बहुधा पोटुशी, मोळ्या वाहताना दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे बावीस टक्के होते आणि बीडमध्ये चाळिशीच्या वर. याचा अर्थ एवढाच, की तुमच्यासमोरची आई एकटी चुकत नाही; तिच्यासमोर सगळ्यांनी मिळून हीच एक वाट ठेवली आहे.

पोलिसांच्या दारात उभे करण्याविषयी तुमची समजूत थोडी दुरुस्त करते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात लग्न लावून देणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे, आणि मांडवात हजर राहणारेही त्यात येतात, परंतु त्या कायद्याखाली कोणत्याही स्त्रीला कैद होत नाही, म्हणजे आई तुरुंगात जाणार नाही. लग्न होण्याआधी कळवले तर बहुतेक वेळा समज देऊन, लेखी हमी घेऊन ते थांबवले जाते. गुन्हा दाखल होतो तो सहसा लग्न लागून गेल्यावर. म्हणून उशिरा कळवणे त्या कुटुंबावर अधिक कठोर आहे. गावातील ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात; त्यांच्याकडे जाणे अडचणीचे वाटत असेल तर १०९८ या क्रमांकावर नाव न सांगता कळवता येते. तांड्यावर तुम्हाला उद्याही काम करायचे आहे, म्हणून नाव लपवण्यात मला काही कमीपणा दिसत नाही.

आता 'तुम्ही सांभाळता का' या प्रश्नाकडे. तुम्ही एकट्या सांभाळू शकत नाही, पण तिने विचारले ते तुमच्या तोंडून शाळेला आणि सरकारला विचारले आहे. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आणि ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची शासकीय वसतिगृहे २०२१ मध्ये मंजूर झाली. कागदावर असलेली जागा मुलीला प्रत्यक्ष मिळतेच असे नाही, त्यासाठी कोणाला तरी मागे लागावे लागते. टोळ्या दसऱ्यानंतर हलू लागतात. तेव्हा या आठवड्यातच मुख्याध्यापकांना भेटा, मुलीचे नाव यादीत घालायला लावा, आणि जमल्यास आईला सोबत नेऊन ती खोली, तिची कडी आणि तिथे रात्री थांबणारी बाई तिला डोळ्यांनी पाहू द्या. मुलीशीही एकदा वेगळे बोला. तुमच्या पत्रात तिचे म्हणणे कुठेच आलेले नाही.